विहिरीला पाणी आलं, पण कुणामुळे?

मे महिन्यातली गोष्ट. दुष्काळी तालुक्यातल्या एका संस्थेच्या कार्यालयात आम्ही सात-आठ जण बसलो होतो. तीन वर्षांपूर्वी या संस्थेनं एका गावात नाला खोल केला होता, दोन बंधारे बांधले होते, थोडी बांधबंदिस्तीही केली होती. पुढच्याच पावसाळ्यात विहिरी भरल्या. गुळगुळीत कागदावर अहवाल निघाला, त्यात काठोकाठ भरलेल्या विहिरीचा फोटो आणि खाली ‘पाणीपातळीत लक्षणीय वाढ’. पैसे देणारी कंपनी खूश झाली. आणि आता त्याच गावात टँकर सुरू झाला होता. एका वयस्कर विश्वस्तांनी विचारलं, “मग तेव्हा पाणी आलं ते आपल्या कामामुळे की पावसामुळे?”

अहवाल चाळीस पानांचा होता. या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

अशा प्रश्नांची उत्तरं देण्याची वेळ आता बऱ्याच संस्थांवर येते आहे, कारण कायदाच ती विचारतो. कंपनी कायद्यानुसार ठरावीक मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, तोच ‘सीएसआर’. जानेवारी २०२१ मध्ये त्याचे नियम बदलले. ज्या कंपनीची ही जबाबदारी सरासरी दहा कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिनं एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचा परिणाम स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यायचा, तोही प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर. त्यामुळे ‘इम्पॅक्ट असेसमेंट’ हा शब्द जिल्ह्याच्या गावच्या संस्थांमध्येही रोज ऐकू येतो. बहुतेकांना तो परीक्षेसारखा वाटतो. बाहेरून कुणीतरी येणार, प्रश्नावली भरून घेणार, शेरा मारून जाणार.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. बाहेरून येणाऱ्या तपासणीची सोय होईलच. संस्थेकडे नसते ती स्वतःच्या कामाला प्रश्न विचारायची आणि उत्तर मिळाल्यावर काम बदलायची सवय. तज्ज्ञ मंडळी तिला ‘मूल्यमापन क्षमता’ म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट घरातलीच आहे.

ऑडिट झालं की, मग आणखी काय?

गणपती मंडळाचा जमाखर्च फलकावर लागतो. वर्गणी किती आली, मांडवाला किती गेले, पावत्या आहेत का. हे ऑडिट, पैसा नीट खर्च झाला का ते पाहणं. उत्सवात दररोज आरती वेळेवर होते ना, स्वयंसेवक आलेत ना, हे कुणीतरी बघत असतं. ती देखरेख. पण मंडळानं यंदा रक्तदान शिबिर घेतलं, त्यामुळे तालुक्याच्या रक्तपेढीत पुढचे दोन महिने रक्त कमी पडलं नाही, असं झालं का? हा प्रश्न विचारला तर ते मूल्यमापन.

देखरेख सांगते काम झालं का, मूल्यमापन सांगतं कामानं काही झालं का. एवढा फरक लक्षात ठेवला तर निम्मं काम झालं.

शौचालयांचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. गावात किती बांधली याचा आकडा तंतोतंत खरा असतो, फोटोही असतात. दार उघडून पाहिलं तर काहींमध्ये गोवऱ्या रचलेल्या असतात, कारण सरपण भिजू नये यासाठी गावात तेवढी एकच पक्की खोली असते. आकडा खोटा नाही, पण तो बांधकामाचा आकडा आहे, वापराचा नाही.

शेजारचा वाफा

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे. पाणी पावसानं आलं की बंधाऱ्यानं?

नवं खत वापरून बघणारा शेतकरी हे उत्तर बरोबर काढतो. सगळ्या रानात तो ते टाकत नाही. एका वाफ्याला टाकतो, शेजारच्या वाफ्याला नेहमीचंच ठेवतो. माती तीच, पाऊस तोच, बियाणं तेच. फरक पडला तर खताचा. नुसतं ‘गेल्या वर्षी दहा पोती झाली, यंदा चौदा झाली’ यावरून कुठलाही जाणता शेतकरी खताची जाहिरात करणार नाही. गेल्या वर्षी पाऊस पंधरा दिवस उशिरा आला होता, हे त्याला पक्कं आठवतं.

संस्थेचं हेच चुकलं होतं. काम सुरू झालं ते कोरड्या वर्षी, विहिरी मोजल्या त्या ओल्या वर्षी. आणि शेजारच्या, काम न झालेल्या गावातल्या विहिरी कुणी मोजल्याच नव्हत्या. तिथल्याही कदाचित भरल्या असतील. हे शेजारचं गाव म्हणजे ‘तुलना गट’. आपण काही केलं नसतं तर काय झालं असतं, याचा अंदाज त्यावरून येतो.

वैताग याचा, की या बाबतीत तुलनेसाठी बराचसा माल फुकट पडलेला होता. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठिकठिकाणच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघते. तालुक्याची एकूण पातळी किती वाढली आणि आपल्या गावाची किती, एवढं शेजारी शेजारी मांडलं असतं तरी विश्वस्तांना निम्मं उत्तर मिळालं असतं. निम्मंच, कारण आपला बेसाल्टचा खडक लबाड आहे. एका विहिरीला पाणी लागतं आणि दोनशे मीटरवरच्या दुसरीला लागत नाही, त्यामुळे एका निरीक्षण विहिरीवरून गावाचा निकाल लावता येत नाही. मोजणीचीही एक खोच आहे. पातळी सकाळी, मोटार चालू व्हायच्या आधी घ्यायची. दुपारी दोरी सोडली तर शेजाऱ्याच्या मोटारीनं किती उपसलं तेच मोजून होतं. हे कुठल्याही पुस्तकी प्रश्नावलीत नसतं, गावातल्या माणसाला मात्र विचारावंसुद्धा लागत नाही.

शितावरून भाताची परीक्षा, पण कुठल्या शितावरून?

सगळी गावं, सगळी घरं मोजता येत नाहीत. थोडी निवडून मोजावी लागतात, त्याला ‘नमुना’ म्हणतात. आपल्याकडे या शास्त्राचं सार एका म्हणीत आहेच. पण घरात भात करणाऱ्या कुणालाही विचारा, वरचं शीत दाबून बघितलं तर फसगत होते. खाली लागलेला आणि वर कच्चा, असाही भात असतो.

संस्थांमध्ये वरचं शीत फार दाबलं जातं. पाहुणे आले की गाडी रस्त्यालगतच्या गावात जाते, तिथल्या सर्वांत बोलक्या बचत गटाकडे. तिथल्या ताई छान बोलतात, त्यांचा पापड-लोणच्याचा धंदाही खरंच चांगला चाललेला असतो. मोडलेल्या गटांच्या बाया भेटत नाहीत, कारण गट मोडल्यावर त्यांचं नाव यादीतूनच जातं. म्हणजे अपयश मोजायच्या आधीच पुसलं जातं. यादी मागताना ‘बंद पडलेले गटही द्या’ एवढं एक वाक्य घातलं की कितीतरी निष्कर्ष उलटतात, हे मी पाहिलं आहे.

क्षमता म्हणजे नेमकं काय?

अनेक संस्थांमध्ये मूल्यमापनाची क्षमता म्हणजे एक्सेल येणारा एक मुलगा. तो हुशार असतो, सगळे तक्ते त्याच्याकडेच. वर्ष-दीड वर्षात त्याला पुण्यात चांगली नोकरी लागते आणि फाइलचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. हे मी गमतीनं लिहीत नाही, अशी एक फाइल आम्ही अजूनही उघडू शकलेलो नाही.

क्षमता एका माणसात ठेवली की ती त्याच्या बदलीबरोबर जाते. ती तीन ठिकाणी मुरलेली असावी लागते. माहिती लिहिणाऱ्या कार्यकर्तीला ती कशासाठी लिहायची हे ठाऊक हवं. मधल्या समन्वयकाला तिची नोंदवही वाचून त्यातली विसंगती दिसायला हवी. आणि वर बसलेल्या संचालकांना वाईट बातमी ऐकायची तयारी हवी. पहिल्या दोन्ही गोष्टी शिबिरात शिकवता येतात. तिसरी शिकवता येत नाही, आणि अडतं बहुधा तिथंच. ‘यंदा आपलं अमुक काम फसलं’ असं बैठकीत म्हणणाऱ्याला चहा मिळतो की बोलणी, यावर पुढच्या सगळ्या आकड्यांचा खरेपणा ठरतो.

माझी एक साधी कसोटी आहे. कुठलाही आकडा गोळा करण्याआधी विचारायचं, हा जास्त आला तर आपण काय करू आणि कमी आला तर काय करू? दोन्हींचं उत्तर ‘जे चाललंय तेच’ असेल, तर तो रकाना खोडून टाकायचा. एका संस्थेची सतरा रकान्यांची नोंदवही या प्रश्नानं पाच रकान्यांवर आली. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सरकारला हे सुचलं नाही असं नाही. खेड्यांच्या विकासाचा सामुदायिक विकास कार्यक्रम ऑक्टोबर १९५२ मध्ये सुरू झाला, तेव्हाच नियोजन आयोगानं कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली होती. म्हणजे काम आणि कामाची तपासणी जवळपास जुळी भावंडं होती. पुढे दिल्लीत २०१३ मध्ये स्वतंत्र मूल्यमापन कार्यालय निघालं आणि वर्षभरातच गुंडाळलं गेलं. २०१५ मध्ये नीती आयोगाखाली नवं कार्यालय आलं. पाट्या बदलत राहिल्या. पण खरी सवय पाटीवरून लागत नाही, ती कशी लागते याचं सर्वांत चांगलं उदाहरण मुंबईत सुरू झालेल्या एका कामाचं आहे.

मुंबईची बालसखी आणि हरियाणातला एक तास

‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीत मागे पडलेली मुलं होती. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी अशी पंधरा-वीस मुलं दिवसातले दोन तास वेगळी घेऊन बसायची, तिला ‘बालसखी’ म्हणत. हे जमतं का, ते २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात तपासलं गेलं. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निकाल चांगला आला. मुलं शिकली, आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.

इथं बहुतेक संस्था थांबल्या असत्या. चांगला निकाल फ्रेम करून भिंतीवर लावायचा, संपलं. प्रथमनं पुढचा प्रश्न विचारला, खेड्यात काय? २००५ च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावच्या स्वयंसेवकांनी वाचन वर्ग घेतले. आलेली मुलं वाचायला लागली. पण मागे पडलेल्या मुलांपैकी फारच थोडी वर्गाला आली. याच वेळी काही गावांत नुसत्या सभा घेऊन पालकांना शिक्षण समित्यांची माहिती दिली, त्याचा काही उपयोग झाला नाही. दोन्ही गोष्टी कळल्या. पद्धत चालते, पण शाळेबाहेर ठेवली तर मुलं येत नाहीत.

मग शाळेत गेले. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी सुट्टीत सरकारी शिक्षकांनीच ही पद्धत वापरली आणि मुलांची प्रगती झाली. शाळा सुरू झाल्यावर त्याच शिक्षकांकडून, त्याच साहित्यानं काहीच झालं नाही. इथं ‘शिक्षकच आळशी’ म्हणणं सोपं होतं. पण उन्हाळ्याचा निकाल समोर असल्यामुळे तसं म्हणता येईना, कारण त्यांनाच सुट्टीत जमलं होतं. अडचण अभ्यासक्रम संपवायच्या घाईची होती. म्हणून २०१२-१३ मध्ये हरियाणात शाळेच्या वेळापत्रकातच एक तास राखून ठेवला, त्या तासाला मुलं इयत्तेनुसार न बसवता येतं त्यानुसार बसवली आणि सरकारी पर्यवेक्षकांना त्यावर लक्ष ठेवायला लावलं. हिंदी वाचन सुधारलं.

दहा-बारा वर्षांत किती वेळा अपेक्षाभंग झाला बघा, आणि प्रत्येक वेळी पुढची पायरी त्यातूनच सापडली. मला या साखळीत नोबेलपेक्षा एक कागद जास्त मोलाचा वाटतो. मुलाला किती वाचता येतं ते बघायला प्रथमची माणसं अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि छोटी गोष्ट असलेला एक कागद पुढे करतात. काही मिनिटांत कळतं. गावातला कुणीही स्वयंसेवक ते करू शकतो, आईसुद्धा बाजूला बसून बघते. खेड्यातल्या मुलांना किती वाचता येतं, किती गणित येतं ते घरोघर जाऊन बघणाऱ्या, २००५ पासूनच्या ‘असर’ पाहणीचा पायाही तोच. मोजण्याचं साधन इतकं सोपं असेल तर ते कार्यकर्त्याच्या हातात राहतं, तज्ज्ञाच्या लॅपटॉपमध्ये अडकत नाही.

“आमच्या बायका सातवी-आठवी शिकलेल्या, त्यांना हे कसं जमणार?”

ही शंका मला दर शिबिरात ऐकू येते, तीही बहुधा पदवीधराच्या तोंडून. तिचं उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला, शेजारची ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत त्या गावातल्याच बाया होत्या. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू गावपातळीवर लिहिला जाई. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत हजारी सुमारे ६० नवजात बाळं दगावत होती, प्रयोगाच्या गावांत २५ च्या आसपास. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये देशभरातल्या आशाताईंच्या कामात नवजात बाळाच्या घरभेटी आल्या. शेजारची ४७ गावं मोजली नसती तर हा आकडा दिल्लीत कुणी मानला असता असं मला वाटत नाही.

“एका गावाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, हे बरोबर आहे का?”

शंका प्रामाणिक आहे. पण खरं बोलू या, पहिल्याच वर्षी सगळ्या गावांत पोचायला पैसे कुणाकडे असतात? काही गावं तशीही पुढच्या वर्षावर जातात. कुठली आधी आणि कुठली नंतर हे सरपंचाच्या ओळखीऐवजी चिठ्ठ्या टाकून ठरवलं, आणि थांबलेल्या गावांतही मोजून ठेवलं, तर कुणाचं काही काढून घेतलं जात नाही. उलट चिठ्ठीवर गावकऱ्यांचा विश्वास जास्त बसतो. मात्र ज्याचा गुण आधीच सिद्ध झालेला आहे, उदाहरणार्थ लस, ती तुलनेसाठी रोखून धरणं चूकच.

“त्या पैशात आणखी एक बंधारा झाला असता”

झाला असता. पण दहा बंधाऱ्यांतले चार चुकीच्या जागी पडत असतील आणि ते कळायला एका बंधाऱ्याचे पैसे लागत असतील, तर हिशोब सरळ आहे. शिवाय छोट्या संस्थेनं विद्यापीठांसारखे मोठे प्रयोग करायचेच नसतात. पाच गावांत काम असेल तर कामाआधी एकदा नीट मोजणं, शेजारची दोन गावं बघत राहणं आणि वर्षातून दोनदा नोंदवह्या घेऊन सगळ्यांनी बसणं, एवढं पुरतं. कंपन्यांना परिणाम तपासणीवरचा खर्च ठरावीक मर्यादेत सीएसआरमध्ये धरता येतो. त्यातला थोडा वाटा संस्थेच्या नोंदी सुधारण्यावर लावा असं सुचवायला हरकत नाही. मी सुचवतो. कधी ऐकतात, बहुधा नाही.

“वाईट निघालं तर निधी जाईल”

ही भीती खोटी नाही, आणि तिला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. निधी गेलेल्या संस्था मला माहीत आहेत. एवढंच सांगतो, की देणगीदाराला फसलेल्या कामाबरोबर ‘म्हणून आता असं करणार आहोत’ हे एकाच पानावर दिसलं, तर संवाद वेगळा होतो. नुसतं अपयश कळवलं तर पत्र येतं, बदल कळवला तर फोन येतो. आणि जे देणगीदार भरलेल्या विहिरीच्या फोटोवरच समाधानी असतात, त्यांच्या नादानं संस्थाही हळूहळू फोटो काढायलाच शिकते. यात दोष एकट्या संस्थेचा नाही.

टँकरची वही

तर त्या मे महिन्यातल्या बैठकीत आम्ही जुन्या फायली उपसत होतो. कुठल्या विहिरीची कधीची मोजणी, काही ताळमेळ लागेना. कोपऱ्यात बसलेल्या, गावोगावचे बचत गट सांभाळणाऱ्या सहयोगिनी ताई बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, “टँकर कधी सुरू झाला ते आहे माझ्याकडे. दर वर्षीचं. कुणी विचारलंच नाही.”

त्यांनी पिशवीतून वही काढली. बचत गटाच्या हप्त्यांच्या मागच्या पानांवर, निळ्या पेनानं, वस्तीनिहाय पहिल्या टँकरची तारीख. सहा वर्षांची. त्यांच्या भागातली काम न झालेली दोन गावंही त्यात होती, कारण त्यांचं माहेर त्यातल्या एकात होतं.

अर्ध्या तासात चित्र उभं राहिलं. खालच्या गावठाणात टँकर पूर्वीपेक्षा बराच उशिरा येत होता, आणि शेजारच्या गावांत तसा फरक नव्हता. म्हणजे विश्वस्तांच्या प्रश्नाचं उत्तर ‘थोडंफार आपल्यामुळे’ असं होतं. वरच्या वाडीत मात्र काडीचा बदल नव्हता. नाला वाडीच्या खालून वाहतो, बंधारेही खालीच बांधलेले. माथ्यापासून पायथ्याकडे यायचं हा पाणलोटाचा पहिला धडा, पण माथ्यावर जेसीबी चढत नाही आणि फोटोही चांगला येत नाही. पुढच्या वर्षीचा नाला खोलीकरणाचा प्रस्ताव त्या दुपारी बाजूला ठेवला आणि वाडीच्या वरच्या डोंगरउतारावर सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवून मुरवणारे उताराला आडवे चर, घ्यायचं ठरलं.

ताई वही पिशवीत घालता घालता थांबल्या. “वरच्या वाडीत दोन वस्त्या आहेत,” त्या म्हणाल्या. “टँकर रस्त्यापर्यंतच येतो. पलीकडच्या बाया तिथून डोक्यावर नेतात. त्यांची तारीख मी इकडच्यांबरोबरच लिहीत आले. वेगळी लिहू का?”